नाश्ता घेतला, मनःस्थिती आनंदी

आमच्या आईचा डावा हात मनगटात मोडला आणि पाचव्या दिवशी तिचा सत्कार झाला. कोल्हापुरात सत्काराला कारण लागत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. इथे पोरगा दहावी पास झाला तर चौकात अभिनंदनाचा फलक लागतो आणि नापास झाला तर पुढच्या वाटचालीला शुभेच्छांचा लागतो. पण हाड मोडल्याबद्दल शाल आणि नारळ मिळालेली व्यक्ती माझ्या पाहण्यात हीच पहिली.

सत्कार करणारे लोक घरी येऊन वृद्धांची देखभाल करणाऱ्या एका संस्थेचे होते. चौघे आले होते. एकाच्या गळ्यात टाय, एकीच्या हातात टॅब, तिसरा फोटो काढायला आणि चौथा नारळ धरायला. ज्येष्ठांचा सन्मान हीच आमची सेवा, असं टायवाल्यांनी उभं राहून सांगितलं. ऐकायला आम्ही दोघंच होतो, पण त्यांनी आवाज सभागृहाचा लावला होता. मग शाल आली. ती खांद्यावरून अशी टाकली की प्लास्टर पुरतं झाकलं गेलं. मग नारळ. अव्वाचा, म्हणजे आईचा, डावा हात गळ्यात बांधलेला, उजवा शाल सावरण्यात गुंतलेला, तेव्हा नारळ घ्यायचा कशात हा प्रश्न आला. शेवटी तो तिच्या मांडीवर ठेवण्यात आला, चौघांपैकी तिघे मागे उभे राहिले आणि फोटो निघाला. तो फोटो अजून त्यांच्या माहितीपत्रकात आहे. त्यात अव्वा कुणीतरी नारळ सांभाळायला बसवून गेल्यासारखी दिसते.

आईला आम्ही अव्वा म्हणतो. आजोबांच्या काळापर्यंत घरात कानडी चालायची. आता भाषा गेली, हाका तेवढ्या उरल्या. अव्वाचं वय एक्क्याऐंशी. राजारामपुरीतल्या एका गल्लीत वडिलांनी बांधलेल्या तीन खोल्यांच्या घरात ती एकटी राहते, आणि वडील गेल्यापासून हे काम तिने कुणाच्याही परवानगीशिवाय चोख केलं आहे. मागच्या दारी बेलाचं झाड आहे. पूजेसाठी पानं काढताना पायरी चुकली, हात टेकला, तोच मोडला. सहा आठवड्यांचं प्लास्टर. प्लास्टर भिजवायचं नाही म्हणून आंघोळीला माणूस हवा, आणि मधुमेहाचं इंजेक्शन घेताना पोटाची कातडी चिमटीत धरायला दुसरा हात लागतो म्हणून त्यालाही माणूस हवा. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बायको मुलीच्या बाळंतपणाला नाशिकला गेलेली. मी दिवसभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात.

धाकटा भाऊ पुण्याला असतो. मोठ्या कंपनीत आहे आणि सगळ्या गोष्टी कंपनीत ठरवतात तशा ठरवतो. पुण्याबाहेर ज्येष्ठांसाठी बांधलेली एक वसाहत त्याने आधीच पाहून ठेवली होती. तिथे डॉक्टर आहे, बाग आहे, भजनाला हॉल आहे. फोनवर त्याने अट घातली. सहा आठवडे अव्वाला घरीच ठेवू, चांगली संस्था लावू, रोजचा अहवाल मला येऊ दे. सगळं सुरळीत झालं तर विषय संपला. काही कमीजास्त झालं तर मात्र तिने पुण्याला यायचं. ही संस्थाही त्यानेच शोधली होती, पुण्यात बसून, मोबाइलवर, ग्राहकांनी दिलेले तारे मोजून.

अव्वाने फोनवर फक्त हुंकार दिला. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "सहा आठवड्यात मला काय हुतंय? तू तेवढं मधी मधी बोलू नको."

सत्कारानंतर टॅबवाल्या बाईंनी माझ्याकडून एक छापील फॉर्म भरून घेतला. सेहेचाळीस प्रश्न होते. आजींना कोणता रंग आवडतो, आजींच्या बालपणीची सुखद आठवण कोणती, आजींना कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, असे. पहिल्या दहा प्रश्नांतच मी कंटाळलो. रंगापुढे पांढरा लिहिलं, आठवणीपुढे बऱ्याच आहेत असं लिहिलं आणि पुढची पानं, माणूस बँकेत सह्या करतो तशी, भराभर उरकली. आयुष्यभर पुस्तकांत काढल्यामुळे वाईट मजकूर पहिल्या ओळीवरून ओळखू येतो असा माझा समज आहे. तो महागात पडायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाई आल्या. त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'केअर कम्पॅनियन' असं छापलेलं होतं. हे काय असतं, असं अव्वाने विचारलं, तेव्हा त्या बिल्ल्याकडे मान वाकवून बघत म्हणाल्या, "बाईच की ओ, आज्जी. कामाची बाई." पंचेचाळिशीच्या होत्या, आजऱ्याकडच्या. बारा वर्षं काजूच्या कारखान्यात टरफलं फोडली होती आणि त्या चिकाने बोटांची टोकं काळी पडली होती ती तशीच राहिली होती. संस्थेने त्यांना तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं आणि पांढरे हातमोजे. फोटो काढताना हातमोजे घालायचेच, अशी सक्त ताकीद होती. इतर वेळी त्यांचं काय करायचं ते प्रशिक्षणात आलं नव्हतं.

त्यांच्याबरोबर आलेल्या सुपरवायझरने भिंतीवर प्लास्टिकमध्ये बसवलेला एक कागद चिकटवला. सेवाक्रम. आठ वाजता इंजेक्शन, साडेआठला नाश्ता, नऊला चालणे व हलका व्यायाम, साडेदहाला स्नान, बारा वाजता संवाद. संवाद अर्धा तास. प्रत्येक काम झालं की बाईंनी मोबाइलवर खूण करायची. प्रत्येक कामाचा ठिपका लगेच आणि दिवसाचा पूर्ण अहवाल संध्याकाळी, आपोआप माझ्या आणि भावाच्या मोबाइलवर पडायचा. काम वेळेवर झालं तर हिरवं, उशीर झाला तर लाल. शेवटी मनःस्थिती म्हणून पाच चेहरे होते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, त्यांतला एक निवडायचा.

पहिले दहा दिवस सगळं हिरवं होतं. भाऊ रोज अहवालाखाली अंगठा आणि जोडलेले हात पाठवायचा. मी कॉलेजातून सुटलो की अव्वाकडे जायचो. ती कॉटवर बसलेली असायची, चेहरा उतरलेला. काय होतंय विचारलं तर म्हणायची, सकाळी जरा गळाठल्यागत होतं, हातपाय कापतात, वयच झालं आता. मी मोबाइल काढून अहवाल बघायचो. नाश्ता घेतला. मनःस्थिती आनंदी. मग मला बरं वाटायचं. समोर आई बसलेली असताना मी तिच्याबद्दलचा छापील मजकूर वाचत होतो आणि दोन्हींत फरक दिसला तर मजकुरावर विश्वास ठेवत होतो. ग्रंथालयाच्या नोकरीने माणसाचं काय होतं, याचा हा पुरावा समजायला हरकत नाही.

बाराव्या दिवशी शनिवार होता, कॉलेजला सुट्टी. मी दहाच्या सुमाराला गेलो. बाथरूममध्ये बंब तापत होता, बाई तिथे पाण्याची बादली लावत होत्या. अव्वा खुर्चीत बसलेली होती. मी चप्पल काढून आत गेलो तर ती माझ्याकडे बघून म्हणाली की दुकानाची फळी लावून घ्या, पोतं भिजतंय. वडिलांचं धान्याचं दुकान बंद होऊन वीस वर्षं झाली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, लुगड्याचा पदर मानेला चिकटला होता आणि उजवा हात मांडीवर थडथड उडत होता. मी नावाने, नात्याने, सगळ्या हाकांनी हाका मारल्या. ती मला दुकानात बसणारे आमचे काका समजून पोत्याबद्दल सांगत राहिली.

बाई धावत आल्या. त्यांनी एकदा तिच्या कपाळाला हात लावला, तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि वाटीत साखरेचं पाणी कालवून आल्या. मी डॉक्टरांना फोन लावत होतो. ते निघतो म्हणाले आणि शुद्धीत असेल तर गोड द्या, ताबडतोब द्या, असं म्हणाले. पण अव्वा तोंड उघडेना. ओठ घट्ट मिटून ती मान हलवत होती. तिला मी ओळखू येत नव्हतो, कोणतं साल आहे ते समजत नव्हतं, पण एक गोष्ट पक्की समजत होती, की आपली पूजा झालेली नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. अव्वा पूजेआधी काही खात नाही. पाणीसुद्धा पीत नाही. आम्ही लिंगायत. आंघोळ, मग डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजा, मग अन्न. लग्न होऊन या घरात आल्यापासून आणि त्याच्याही आधीपासून, माहेरी, हाच क्रम. एरवी ती साडेपाचला आंघोळ करायची, साडेसहाला पूजा उरकायची आणि सातला स्वतः इंजेक्शन घेऊन जेवणासारखा नाश्ता करायची. संस्थेच्या कागदावर आठला इंजेक्शन होतं आणि साडेदहाला आंघोळ.

मी म्हणालो, "अव्वा, घे गं, मी सांगतोय ना, आज चालतंय." माझ्या सांगण्याला तिच्या लेखी पूजेबाबत कधीच किंमत नव्हती. त्या वेळी तर नव्हतीच.

बाईंनी वाटी खाली ठेवली. देवघरात जाऊन तांब्याची पळी आणली. साखरेचं पाणी पळीत घेतलं, पदर डोक्यावर ओढला आणि अव्वाच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आज्जी, तीर्थ हाय. घ्या."

अव्वाने तोंड उघडलं. एक पळी, दुसरी पळी, अशा नऊ-दहा. डॉक्टर येईपर्यंत तिने मला ओळखलं होतं आणि तू कॉलेजला का गेला न्हाईस म्हणून विचारलं होतं. डॉक्टरांनी बोटातून रक्त काढून साखर तपासली आणि अजून थोडं गोड द्यायला सांगितलं. मग भिंतीवरचा कागद वाचला. मग माझ्याकडे बघितलं. आमचे डॉक्टर चाळीस वर्षं या भागात दवाखाना चालवताहेत, त्यांच्याकडे टाय नाही. ते एवढंच म्हणाले, "इंजेक्शन घड्याळाला द्यायचं नसतं, ताटाला द्यायचं असतं. ताट समोर आल्यावर सुई. एवढं कुणी सांगितलं न्हाय काय तुमाला?"

कुणी सांगितलं नव्हतं. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात नमस्कार कसा करायचा ते होतं.

डॉक्टर गेल्यावर मी मोबाइल काढला. आठ वाजता इंजेक्शन, हिरवं. साडेआठला नाश्ता घेतला, हिरवं. नऊला चालणे व हलका व्यायाम, हिरवं. मी मोबाइल बाईंच्या समोर धरला आणि हे काय म्हणून विचारलं. आवाज चढला होता माझा. मी चिडलो की माझी भाषा फार शुद्ध होते, असं बायको म्हणते. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. उत्तर अव्वाने दिलं.

"तिला कशाला वरडतोस? मीच सांगितलं तिला लिही म्हणून."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्याच दिवशी बाईंना कळलं होतं की आजी पूजेशिवाय खात नाहीत. पण नाश्त्याची खूण केल्याशिवाय मोबाइल पुढच्या कामावर जातच नव्हता. खूण नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर त्या दिवसाची मजुरी नाही. अव्वा म्हणाली, मी दुपारी खातेच की, आता लिहिलंस काय नि मग लिहिलंस काय. बाईंनी तोडगा काढला. आठला आल्या आल्या आधी आंघोळ घालायच्या, नऊपर्यंत पूजा व्हायची आणि अव्वा लगेच खायची. पहिले नऊ दिवस असे निभावले. तरी इंजेक्शन आठलाच दिलेलं असायचं, त्यामुळे मधला तास ती कापायची. इंजेक्शन पुढे ढकलायची मात्र बाईंची हिंमत नव्हती. औषध कागदावरच्या वेळेलाच द्यायचं, एवढी एक गोष्ट प्रशिक्षणात दरडावून सांगितली होती. बाईंनी सुपरवायझरला कापण्याबद्दल कळवलंही होतं. तो म्हणाला होता, अशक्तपणा आहे, मनःस्थितीकडे लक्ष द्या. मग दहाव्या दिवशी तो अचानक तपासणीला आला. नऊ वाजता आजी चालत असायला हव्यात, त्या ओल्या केसांनी पूजा करत बसलेल्या. सेवाक्रमाचा भंग. बाईंना तिथेच झापलं. त्या दिवसापासून आंघोळ कागदाप्रमाणे साडेदहाला. तिसऱ्या दिवशी हे असं झालं.

मी विचारलं, मनःस्थिती आनंदी कशी काय रोज? बाई म्हणाल्या की दुसरा कुठलाही चेहरा दाबला की बारा प्रश्न उघडतात, आणि ते इंग्रजीत असतात.

अव्वा खुर्चीतच होती. ती म्हणाली, "हे पुण्याला कळवू नको. तिनं बारा दिवस लिहिलंच की, आता तू पण एकदा लिही. सगळं बरं हाय म्हणून."

त्या संध्याकाळी अहवाल आला. सगळीच्या सगळी कामं हिरवी. मनःस्थिती आनंदी. भावाने अंगठा पाठवला. मी काही लिहिलं नाही. न लिहिणं हाही एक प्रकारचा हिरवा रंगच असतो, हे मला त्या क्षणी चांगलं समजत होतं.

सोमवारी रजा टाकून संस्थेच्या कचेरीत गेलो. एका मोबाइलच्या दुकानाच्या वर आहे ती. जिन्यात ज्येष्ठांचे हसरे फोटो लावलेत आणि जिन्याला कठडा नाही. टायवाल्यांनी उभं राहून स्वागत केलं, चहा मागवला आणि तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेतली. मी चांगला बोललो. वाटेत वाक्यं तयार करून गेलो होतो. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईचा दिवस तुम्ही न बघता कारखान्यातल्या पाळीसारखा आखता, तिला शाल देता आणि ती कधी खाते एवढं विचारत नाही, असं बरंच.

ते शांतपणे म्हणाले, "सर, विचारलं होतं आम्ही."

त्यांनी कपाटातून फाइल काढली. सेहेचाळीस प्रश्नांचा तो फॉर्म होता. सदतिसावा प्रश्न त्यांनी बोटाने दाखवला. भोजन, स्नान किंवा पूजा यांबाबत काही नियम किंवा सवयी आहेत काय? त्यापुढे माझं अक्षर होतं. माझं अक्षर चांगलं आहे, लांबूनही वाचता येतं. विशेष काही नाही.

त्या बावळट फॉर्ममध्ये शहाणा असा एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मी असं दिलं होतं. घाईने दिलं असं म्हणण्याची सोय आहे, पण ते खरं नाही. मला अव्वाची पूजा माहीत होती. लहानपणी तिच्याशेजारी बसून मीही ती केली होती, कॉलेजात गेल्यावर चार पुस्तकं वाचून सोडली होती, आणि तेव्हापासून आमच्या घरात ती गोष्ट माझ्या हिशेबी विशेष नव्हती. ज्या बाईच्या हातचं मी साठ वर्षं खातोय तिच्या दिवसाचा कणा मला सवय म्हणूनसुद्धा नोंदवावासा वाटला नाही. सगळ्या विधींकडे, सत्कारांकडे, फलकांकडे जसा ओठ मुडपून बघतो तसाच मी सदतिसाव्या प्रश्नाकडे बघितलं होतं.

चहा आला. मी तो प्यालो. दुसरं काय करणार होतो?

टायवाल्यांनी प्रकरण मोठ्या मनाने मिटवलं. वेळा बदलता येतील का विचारल्यावर म्हणाले की सेवाक्रम संगणकात बसवलेला आहे, तो सर्व ज्येष्ठांना सारखा असतो, हीच त्यांच्या गुणवत्तेची खात्री. बाईंनी कामं कोणत्याही क्रमाने केली तर त्यांची हरकत नाही, सुपरवायझरला ते तसं सांगतील, मजुरीही कापणार नाहीत, फक्त अहवालात उशीर लाल दिसेल. माझी सूचना मात्र त्यांना फार मौलिक वाटली. किती वाटली ते पंधरा दिवसांनी कळलं. मोबाइलवर जाहिरात आली. त्यांनी पूजाअर्चा सांभाळणाऱ्या ज्येष्ठांसाठी श्रद्धेचं खास पॅकेज काढलं होतं, वेगळ्या दराने. त्यात पूजेचं साहित्य मांडून मिळणार होतं आणि पूजेचा फोटो नातेवाइकांना पाठवला जाणार होता. इंजेक्शन त्यातही आठलाच होतं.

आमच्याकडे दुसऱ्या दिवसापासून क्रम बदलला. आठला बाई आल्या की आंघोळ, मग पूजा. प्लास्टरमधून अर्धाच तळवा बाहेर येत होता. अव्वा कोपराखाली उशी घेऊन तेवढ्यावर लिंग धरायची. पूजा झाली की बाई ताट वाढायच्या, ताट समोर आलं की सुई, आणि लगेच घास. चार कामं पुढेमागे केली, एवढंच. कापणं थांबलं. मी बाईंना सांगितलं होतं की आता खोटं काही भरायचं नाही, ज्या वेळेला जे झालं तेच दाबायचं. त्यामुळे ज्या दिवसापासून आमच्या घरी नीट देखभाल सुरू झाली त्या दिवसापासून अहवाल लालभडक येऊ लागला. इन्सुलिन विलंब. नाश्ता विलंब. व्यायाम झाला नाही. मनःस्थितीचा चेहरा बाई अजून हसराच दाबत होत्या, त्याला माझा इलाज नव्हता.

चौथ्या दिवशी पुण्याहून फोन आला. रोज इन्सुलिनला सव्वा तास उशीर, आणि तू काय करतोयस तिथे? तो संस्था बदलण्याची भाषा करत नव्हता, थेट गाडी घेऊन यायची करत होता. अव्वा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने उजव्या हाताने हवेत लिहिल्यासारखं केलं. बरं हाय म्हण.

मी सांगितलं. साखरेच्या पाण्यासकट, पळीसकट, सदतिसाव्या प्रश्नासकट सगळं. अव्वाने मान फिरवली. मग भाऊ म्हणाला, "म्हणजे आपल्याला शाळेला डबे देईपर्यंत ती उपाशीच असायची?"

मी म्हणालो, डबे देण्याआधी तिची पूजा झालेली असायची, ती पाचला उठायची. पण मी तेही खात्रीने सांगत नव्हतो. ती आमच्यानंतर खायची, स्वयंपाकघरात खायची, आणि आम्ही दोघांनी तिला कधी बघितलं नव्हतं.

शनिवारी तो आला. रात्रीच निघून पहाटे पोचला आणि आठ वाजता हॉलमध्ये खुर्ची टाकून बसला. पिशवीत त्या वसाहतीचा प्रवेशाचा अर्ज होता, मी बघितला. अव्वा माझ्याशी फोन झाल्यापासून बोलत नव्हती, त्याच्याशी मात्र आल्यापासून बोलत होती. त्याला चहा करून द्यायला बाईंना सांगून ती आंघोळीला गेली.

ती पूजेला बसली तेव्हा त्याच्या मोबाइलवर पहिला लाल ठिपका आला. त्याने तो बघितला, मग अव्वाकडे बघितलं. ती तळहातावरच्या लिंगाकडे एकटक बघत होती. थोड्या वेळाने दुसरा आला. तो हळू आवाजात मला म्हणाला, "लाल झालंय."

मी म्हणालो, "हो."

"मग आता?"

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. बाईंनी तोवर भाकरी तव्यावर टाकली होती. त्यांना स्वयंपाकघरात जायची संस्थेची परवानगी नाही, ते काम पॅकेजात येत नाही. त्या जातात.

पूजा संपवून अव्वाने लिंग चांदीच्या करंड्यात ठेवून गळ्यात घातलं आणि खुर्चीवर येऊन बसली. बाईंनी ताट आणलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, दही, शेंगदाण्याची चटणी. ताट टेबलावर टेकलं, मग बाईंनी पोटाची कातडी चिमटीत धरून सुई दिली. अव्वाने मान खाली घालून एका हाताने भाकरी मोडली आणि खायला लागली. आम्ही दोघं, एक साठीला टेकलेला आणि एक पंचावन्नचा, समोर बसून तिला जेवताना बघत होतो. तिला ते आवडलं नाही. काय बघताय, असं तिने भुवयांनी विचारलं.

भाऊ म्हणाला, "अव्वा, तिकडे पुण्याला नाश्ता साडेसातला असतो. सगळ्यांचा एकदम. हॉलमध्ये."

"मग खाऊ दे की त्यास्नी," अव्वा म्हणाली. "माझं काय त्यात?"

आंघोळीला तिथे मदतनीस नऊनंतर मिळतात, हे त्या अर्जावरच छापलेलं होतं. अर्ज त्याने पिशवीतून काढला होता. तो तसाच मांडीवर ठेवून तिचं दही संपेपर्यंत बसला. मग त्याची नीट चौघडी केली आणि परत पिशवीत घातला. फाडला मात्र नाही. तो सावध माणूस आहे, आणि प्लास्टर निघायला अजून अडीच आठवडे बाकी होते.